राणी, मुन्शी आणि जाळलेली पत्रं

आमचे मामू आयुष्यभर एका वृद्ध शेठजींची गाडी चालवत. डॉक्टरकडं, लग्नाला, मयतीला, शेठजी त्यांच्याशिवाय कुठंच जात नसत. शेठजी वारले आणि तिसऱ्या दिवशी घरच्यांनी मामूंकडून चावी मागून घेतली. मामू त्यावर कधी बोलले नाहीत. आग्र्याच्या अब्दुल करीमची हकीकत वाचताना मला ती चावी हमखास आठवते.

अब्दुल करीमचा जन्म १८६३चा, झाशीजवळच्या ललितपूरचा. सत्तावनच्या उठावाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. तो आग्र्याच्या तुरुंगात कारकून होता. १८८७ साली, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, मोहम्मद बक्षसोबत तो इंग्लंडला गेला आणि राणी व्हिक्टोरियाच्या टेबलावर वाढपी म्हणून उभा राहिला. तो चोविशीचा, ती अडुसष्ट वर्षांची.

कारकुनी केलेल्या माणसाला ताटं उचलणं कमीपणाचं वाटलं. परत जातो म्हणाला. राणीनं त्याला थांबवलं, पुढच्याच वर्षी 'मुन्शी' केलं आणि त्याच्याकडून हिंदुस्थानी शिकायला घेतली. उतारवयात तिनं उर्दू लिपीत तेरा वह्या भरल्या. त्याला पत्र लिहिताना ती आईच्या नात्यानं सही करायची.

दरबाराला हे सहन झालं नाही. एक तर काळा, त्यात मुसलमान, त्यात साध्या घरातला. १८९७ साली फ्रान्सच्या दौऱ्यावर मुन्शी येणार असेल तर आम्ही राजीनामे देतो, इथवर मंडळींची मजल गेली. मुन्शी गेलाच. त्याचे दोस्त होते आपल्या पुण्याचे मौलवी रफिउद्दीन अहमद. १८९२ साली लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात राणीच्या त्या वहीवर लेख लिहिणारे तेच. दरबारी त्यांच्याकडंही संशयानं बघत. हेच मौलवी पुढं मुंबई इलाख्यात मंत्री झाले आणि 'सर'ही झाले.

मुन्शीला फरिश्ता करायची गरज नाही. वडील इस्पितळातले साधे सहायक असताना त्यानं त्यांचा हुद्दा फुगवून सांगितला होता. आग्र्यात जमीनही मिळवली. राणीची माया खरी असली, तरी तिच्या राज्यात हिंदुस्थान गुलामच होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२२ जानेवारी १९०१ रोजी राणी गेली. नव्या राजानं, तिच्याच मुलानं, मुन्शीच्या घरी माणसं पाठवली आणि राणीची पत्रं जाळायला लावली. मुन्शीची आग्र्याला रवानगी झाली. १९०९ साली तो तिथंच वारला.

पण वह्या उरल्या. मुन्शीची रोजनिशीही नातेवाइकांनी जपली होती. श्राबणी बसूंच्या पुस्तकामुळं ही हकीकत जगासमोर आली.

मालकाची माया मालकापुरती असते. तो गेला की उरतो हुकूम. राणीच्या मुन्शीकडं निदान रोजनिशी होती. आमच्या मामूंनी काहीच लिहून ठेवलं नाही. म्हणून त्यांच्यासाठी एवढं मी लिहितोय.