अंधाराची नोंद

वादळाचा वेग वेधशाळा नोंदविते; अंधाराची खबर मात्र ज्याच्या घरात तो शिरला, त्यालाच द्यावी लागते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने आदळले. नारळी-पोफळी तारांवर कोसळल्या, खांब मोडले. विजेमागोमाग मोबाइलचे मनोरेही मुके झाले. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक होता, पण तो लावण्याचे साधन उरले नव्हते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेस सरकले, तेव्हा महाराष्ट्रातून गोव्यात वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांनाच झळ पोहोचली.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला असतो: आधी मोठ्या वाहिन्या व उपकेंद्रे, मग रुग्णालये व पाणीपुरवठा, शेवटी दूरच्या वाड्या. ज्यांचा अंधार सर्वांत लांबतो, त्यांचाच आवाज सर्वांत उशिरा पोहोचतो. म्हणून केवळ तक्रारवहीवरून वादळाचा इतिहास लिहिणे आम्हांस धोक्याचे वाटते. कोरे पान पाहून तेथे वीज होती असे समजू नये. पंचनामे आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या आठवणी आपण वेळीच जमवून ठेवल्या, तरच त्या वाड्यांचे दिवस इतिहासात उतरतील.