पंख्यामागचा दोरा: एका गळतीचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये उभे असाल तर आधी नीट धरून घ्या. आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका गळतीचा इतिहास.

मी गोरेगाव पश्चिमेला राहतो आणि दिवसभर कोड लिहितो. कॉलेजमधला माझा एक मित्र वर्सोवा कोळीवाड्यातला. त्याच्या बाबांची छोटी फायबरची होडी आहे आणि तिला आऊटबोर्ड मोटर. म्हणजे होडीच्या पाठीला बाहेरून अडकवतात ते इंजिन. वर डोकं, मध्ये लांब पाय, आणि पाण्याखाली गिअरचा डबा आणि पंखा. ही मोटर जवळजवळ माझ्या वयाची.

मागच्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती, तेव्हा काकांनी गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू काढला. तेल यायला हवं मधासारखं. आलं ते कटिंग चहासारखं. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलंय. खारं पाणी गिअरना आणि बेअरिंगना गंज चढवतं, आणि मग एक दिवस भर दर्यात मोटर फिरायची थांबते. एका मेकॅनिकने सांगितलं, अख्खा खालचा भाग नवा टाका. तो आकडा ऐकून मित्र म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा होडीच विकूया." काका काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, थांबा, मी बघतो. इंजिनिअर ना आपण! मी दोन्ही स्क्रूंचे वॉशर बदलले, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपं. नवं तेल भरलं आणि टिकेट क्लोज. ऑगस्टमध्ये चार फेऱ्या झाल्या. काकांनी मला बोलावलं आणि तेलाची वाटी समोर ठेवली. पुन्हा कटिंग. "पोरा, तू गळती शोधली नाहीस," ते म्हणाले. "तू अंदाज केलास."

खरंच होतं ते. मग डब्याचा तो भाग रिक्षात घालून आम्ही गोरेगावला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणला. तेल काढलं. स्क्रूच्या भोकात नळी बसवली, नळीला सायकलचा पंप आणि प्रेशरचा काटा. १० पीएसआयच्या आसपास हवा भरली. जास्त भरायची नाही, नाहीतर चांगलं सीलही उलटतं. मग अख्खा डबा पाण्याच्या टबात. वॉचमनकाका खुर्ची घेऊनच बसले. शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला, कारण काही गळत्या फिरतानाच दिसतात. आणि पंख्याच्या शाफ्टभोवती बारीक बुडबुड्यांची माळ उठली.

पंखा काढला होताच. त्यामागचा जाड वॉशर सरकवला, तर शाफ्टला काहीतरी गुंडाळलेलं. पारदर्शक, घट्ट, थोडं वितळलेलं. नखाने सुटेना. काकांनी सुरीने कापलं, बोटांत धरलं आणि हसले. नायलॉनचा दोरा. त्यांच्याच जाळ्याचा.

इथून खरा इतिहास सुरू होतो, मंडळी. कारण त्या शाफ्टवर तीन वेगवेगळ्या गोष्टी येऊन भेटल्या होत्या.

पहिली, मोटर. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेला माणूस. गोष्ट अशी सांगतात की १९०६ च्या उन्हाळ्यात तो होणाऱ्या बायकोसाठी वल्हं मारत तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला, आणि परत येईपर्यंत ते वितळलं. गोष्ट खरी असो की रंगवलेली, १९०९ मध्ये त्याची मोटर बाजारात आली. दीड हॉर्सपॉवर, ६२ पौंड वजन, किंमत ६२ डॉलर. इंजिन वर, उभा शाफ्ट खाली, आणि पाण्यात गिअर. आजही रचना तीच. पुढे १९५२ मध्ये त्याच नॉर्वेने भारताशी करार केला आणि केरळमधल्या कोल्लमजवळ होड्यांना इंजिन बसवायचा प्रकल्प सुरू झाला. आऊटबोर्ड मोटर केरळच्या पारंपरिक होड्यांवर मोठ्या प्रमाणात आली ती १९८० च्या दशकात. आपल्याकडे मोठ्या होड्यांनी डिझेल इंजिन घेतलं, आणि काकांसारख्या लहान होडीवाल्यांच्या वाट्याला आली ही मागे टांगायची मोटर.

दुसरी गोष्ट, ऑइल सील. फिरणारा शाफ्ट डब्यातून बाहेर येतो, मग तेल आत आणि पाणी बाहेर कसं ठेवायचं? याचं एक मोठं उत्तर जर्मनीतल्या वाइनहाइम गावातून आलं. तिथली फ्रॉइडेनबर्ग ही १८४९ पासून कातडी कमावणारी कंपनी. १९२९ च्या मंदीच्या सुमारास ती चामड्याची सील करू लागली. काही वर्षांतच वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन इंजिनिअरच्या नावाची गोल रिंग बाजारात आली. चामड्याचा ओठ आणि त्याला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. पुढे चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. काकांच्या डब्यात अशी दोन सील पाठीला पाठ लावून बसली होती. एकाचा ओठ आतल्या तेलाकडे, दुसऱ्याचा बाहेरच्या पाण्याकडे.

तिसरी गोष्ट, नायलॉन. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सने तो बनवला. आधी टूथब्रश, मग बायकांचे पायमोजे, मग युद्धात पॅराशूट. युद्धानंतर तो जाळ्यात आला. त्याआधी आपल्याकडे जाळी सुताची आणि तागाची. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात भिजवायची, रोज वाळवायची. १९५७ मध्ये कोचीनला मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली आणि नव्या धाग्यांच्या जाळ्यांवर तिथे काम झालं. १९७६ मध्ये पुण्याची गरवारे वॉल रोप्स सुरू झाली. जाळं हलकं झालं, वर्षानुवर्षं टिकू लागलं. कोळीणीचे आणि कोळ्याचे कितीतरी तास वाचले.

पण जे कुजत नाही, ते तुटूनही पाण्यात राहतं. तो तुकडा पंख्यात जातो, शाफ्टला गुंडाळतो, आत सरकतो आणि सीलचा ओठ कापतो. सुताचा दोरा बहुधा तिथेच झिजून सुटला असता. मोटरने श्रम वाचवले, नायलॉनने श्रम वाचवले, आणि दोघं भेटले तेव्हा मधलं रबर गेलं. कोणी चूक केली नव्हती. दोन सुधारणा वेगवेगळ्या दारांनी घरात आल्या, इतकंच.

आता दुरुस्ती. सील बसवलेला भाग मिठाने जाम झाला होता. गरम करून, लाकडाने ठोकत ठोकत तो निघायला अख्खा रविवार गेला. शाफ्टवर नख फिरवलं तर जुन्या ओठाने पाडलेली बारीक खाच लागली. म्हणून नवी सील किंचित बाजूला बसवली, ओठ गुळगुळीत जागी टेकेल अशी. ओठाला ग्रीस. ओ-रिंग नवी. पुन्हा पंप, पुन्हा टब. मग उलट परीक्षा, हवा खेचून. कारण तापलेला डबा थंड पाण्यात गेला की तो पाणी आत ओढतो, आणि एका दिशेला टिकणारं सील दुसऱ्या दिशेला हार मानू शकतं. काटा दहा मिनिटं हलला नाही. दोन सील आणि एक ओ-रिंग, सगळे मिळून साडेतीनशे रुपये.

या वेळी टिकेट मी क्लोज केलं नाही. काकांनी केलं, महिन्याने. त्यांनी वाटी समोर धरली. तेल मधासारखं.

होडी विकायचा विषय मित्राने अजून तरी परत काढलेला नाही. काका आता दर पंधरा दिवसांनी पंखा काढून मागे बघतात. दर दुसऱ्या वेळी दोरा सापडतोच. तो ते पाण्यात टाकत नाहीत, खिशात घालून घरी आणतात. खिडकीत एक बरणी आहे, ती अर्धी भरलीय.

तुमच्या घरात असं जुनं मशीन असेल तर त्याची गोष्ट व्हॉइस नोटने पाठवा. भेटू पुढच्या भागात!