पेडल मऊ का लागलं? ब्रेक ऑइलची शंभर वर्षांची गोष्ट

आजचा भाग सुरू करतो माझ्याच एका चुकीपासून.

गेल्या मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. गाडी बारा वर्षांची, मागे आई-बाबा. मी अर्धा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलो. एका वळणावर पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर तर ते पार खाली गेलं. पेडल भराभर दाबलं, गाडी खालच्या गियरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि कशीबशी डोंगराच्या बाजूला उभी केली. बाबांनी विचारलं, "काय झालं रे?" म्हटलं, "काही नाही, जरा फोटो काढूया."

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक! पहिल्या गियरमध्ये रांगत पोलादपूर गाठलं. तिथल्या मिस्त्रींनी काहीही खोलायच्या आधी तीन प्रश्न विचारले. पेडल मऊ होतं की कडक? गार झाल्यावर परत आलं का? आणि ऑइल शेवटचं कधी बदललंय?

मंडळी, या तीन प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्या आणि केबलवर चालायचे. केबल ताणली जायची, एका चाकाला ब्रेक जास्त लागायचा, दुसऱ्याला कमी, आणि गाडी एका बाजूला ओढायची. मग अमेरिकेत माल्कम लॉकहीड नावाच्या माणसाने सळ्यांच्या जागी नळीतला द्रव वापरला. १९१७ साली त्याला पेटंट मिळालं. विमानांमुळे आपल्याला माहीत असलेलं लॉकहीड हे नाव याच भावंडांचं. यामागचं तत्त्व सतराव्या शतकातल्या पास्कलचं: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणजे चारही चाकांना सारखा दाब. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गने आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने असे ब्रेक गाडीत आणले. लॉकहीडचे चामड्याचे सील गळायचे, ते काढून क्रायस्लरच्या इंजिनियरांनी रबराचे बसवले. फोर्डचा मात्र या नळ्यांवर विश्वास नव्हता. त्यांच्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक आले थेट १९३९ च्या मॉडेलमध्ये.

फोर्डची भीती अगदीच खोटी नव्हती हं. तेव्हा सगळी चाकं एकाच सर्किटवर असायची. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून पुढे मास्टर सिलिंडरचे दोन भाग झाले. एक गेला तरी दुसरा चालतो. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना ते सक्तीचं झालं.

आता परत मिस्त्रींकडे. पहिला प्रश्न: मऊ की कडक? पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर किंवा पॅड तापलेत, नाहीतर बूस्टर गेलाय. पेडल मऊ, स्पंजासारखं असेल तर नळीत हवा किंवा वाफ आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. तुमचा जोर तिथेच संपतो. आणि पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांवर ओल शोधायची. बाहेर सगळं कोरडं असेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावर.

दुसरा प्रश्न: गार झाल्यावर परत आलं का? नुसती हवा शिरली असती तर पेडल गारही मऊच राहिलं असतं. माझं परत कडक झालं, म्हणजे वाफ झाली होती आणि ती विरली.

वाफ कशाची? इथे तिसरा प्रश्न. ज्याला आपण ऑइल म्हणतो ते खरं तर ऑइल नाहीच. ते ग्लायकॉलचं असतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरल्यावर तीच हमी १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक सहज एवढे तापतात.

मी काय करत होतो? पातळी कमी दिसली की वरून थोडं ओतायचो. जुनं कधी काढलंच नाही. शिवाय पातळी कमी होते ती पॅड झिजल्यामुळे किंवा गळतीमुळे. म्हणजे गाडी मला खूण करत होती आणि मी ती झाकत होतो!

मिस्त्रींनी चारही चाकांतून जुनं काळपट ऑइल काढलं, नवं भरलं, एअर काढली. "साधारण दोन वर्षांनी बदला," म्हणाले, "आणि घाट ज्या गियरमध्ये चढता, त्याच गियरमध्ये उतरा."

तर मंडळी, उद्या गाडी सुरू करून, जागेवरच, पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. खाली सरकलं तर आधी गॅरेज, मग घाट.

आणि बाबा, तुम्ही ऐकत असाल तर... त्या दिवशी फोटो काढायचे नव्हते. भेटूया पुढच्या भागात!