मोटारसायकलीतील कंप आणि मिसिंग (निदान)

लांबच्या प्रवासात हँडल, फूटरेस्ट किंवा सीटमधून जाणवणारी, नेहमीपेक्षा वेगळी थरथर म्हणजे कंप. इंजिनाचे ठोके एकसारखे न पडता मध्येच चुकणे आणि गाडीने झटके मारणे, याला गॅरेजच्या बोलीत मिसिंग म्हणतात. दोन्ही तक्रारी एका दमात सांगितल्या जातात, पण त्यांचे मूळ एकच असेल असे नाही. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांमागे जाते की चाकाच्या फेऱ्यांमागे, हे पहिल्यांदा ठरवायचे. ते न ठरवता प्लग, कॉइल, कार्बोरेटर बदलत बसले की पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

वाशिम जिल्ह्यात या निदानात रस्त्याचाही हिशेब धरावा लागतो. कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे दूरचे दुचाकीस्वार कारंजा–शेलूबाजार–मालेगाव–मेहकर या जुन्या मार्गाने किंवा अकोला–वाशिम–हिंगोली रस्त्याने जातात. खालची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. अशा पट्ट्यावर धड गाडीही डोलते, म्हणून चाचणी सपाट, सरळ आणि मोकळ्या तुकड्यावरच घ्यावी.

चाचणी अशी : ताशी 60 कि.मी. वेग तोच ठेवून वरच्या गिअरमधून एक गिअर खाली यावे. थरथरीची जात बदलली तर रोख इंजिनाकडे. काहीच फरक पडला नाही तर चाकाकडे. मग त्याच वेगात क्लच दाबून रेस सोडावी. कंप राहिला तर टायर, रिम किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे. कंप गेला म्हणून लगेच इंजिनाला दोष देऊ नये, कारण क्लच दाबताच चेनवरची ओढही जाते. चेन एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी सैल असेल, चेनसॉकेटचे दात झिजले असतील किंवा मागच्या हबमधील रबर चेपले असेल, तर थरथर फक्त ओढीखाली येते. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस वाढवावी. इथेही थरथरली तर इंजिन, त्याचे फाउंडेशन बोल्ट आणि सायलेन्सरचे नट, एवढेच उरते.

जुन्या 346 घ.सें.मी. बुलेटमध्ये (बोअर 70 मि.मी., स्ट्रोक 90 मि.मी.) बॅलन्सर शाफ्ट नाही. एकच मोठा पिस्टन वरखाली होतो आणि क्रँकवरचे वजन त्याचा जोर काही अंशीच तोलते. त्या गाडीची थरथर हा दोष नव्हे, स्वभाव आहे. त्याच कंपनीच्या मीटिऑरबरोबर 2020 मध्ये आलेल्या 349 घ.सें.मी. इंजिनात बॅलन्सर आहे. तिथे तेवढीच थरथर जाणवली तर चौकशी करावी. जुनी बुलेट नेहमीपेक्षा जास्त हलू लागली तर आधी फाउंडेशन बोल्टना पाना लावून पाहावा. बिनखर्चाची ही तपासणी बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात.

मिसिंगमध्ये कानाचा उपयोग अधिक. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठोका पडतो, म्हणजे मिनिटाला 3,000 फेऱ्या असतील तर सेकंदाला 25. त्यातला एखादा चुकला की एकसिलिंडरी गाडीला लगेच धक्का बसतो. दोन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर पूर्ण बंद असूनही ती रडतखडत चालते. अशा वेळी थंड इंजिन चालू करून लगेच दोन्ही सायलेन्सर पाइपांवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. ज्याच्यावर तो चुरचुरत नाही, त्याचा सिलिंडर काम करत नाही. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर जळण ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट टोक म्हणजे हवा जास्त. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत शेताकडच्या रस्त्यांवर भुसा आणि धूळ उडते, एअर फिल्टर तुंबतो आणि प्लग काळा पडतो. पांढऱ्या प्लगला बरेचदा कार्बोरेटर आणि इंजिन यांमधले तडकलेले रबर कारण असते. स्लोवर गाडी चालू ठेवून त्या रबराला हाताने किंचित दाबावे. आवाज बदलला तर चीर तिथेच आहे.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात एक घोळ वाढवला. पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणून जुन्या जेटचा कार्बोरेटर त्या मिश्रणाला हवा जास्त देतो आणि गाडी मंद रेसवर अडखळते. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 नियमांनंतर फ्युएल इंजेक्शन जवळपास सर्वत्र आले. त्यातला ऑक्सिजन सेन्सर हा फरक बराचसा सावरतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि मग मिसिंग मारू लागली, तर जेट बदलण्याआधी कार्बोरेटरची वाटी काचेच्या ग्लासात रिकामी करावी. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो.

चाकाच्या कंपाचे या जिल्ह्यातले खास कारण चिखल आहे. पांदण रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या अलॉय रिमच्या आतल्या बाजूला काळी माती थापली जाते आणि वाळून विटेसारखी होते. बाहेरून चाक धुतले तरी ती निघत नाही. असा 50 ग्रॅमचा गोळा, केंद्रापासून 20 सें.मी.वर, ताशी 80 कि.मी. वेगात सेकंदाला सुमारे 11 वेळा फिरतो आणि चाकाला जवळपास 5 किलो वजनाइतका ओढतो. ताशी 40 ला हा जोर चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून गावात फिरताना काहीच कळत नाही. लाकडी पट्टीने खरवडून पाहिल्याशिवाय टायरवाल्याकडे जाऊ नये. स्पोकच्या चाकात मात्र सैल स्पोक आणि बेंड रिम हेच पहिले संशयित. पाना हलकेच आपटत गेले की सैल स्पोकचा आवाज बोदा येतो. कंप फक्त हँडलला असेल तर मधल्या स्टँडवर पुढचे चाक उचलून फोर्कचे खालचे टोक मागेपुढे ओढावे. खटखट लागली तर कोनसेट ढिला आहे.

कारंजाला दत्तदर्शनाला किंवा पोहरादेवीच्या यात्रेला डबलसीट, सामानासकट निघालेल्या गाडीत यातल्या बऱ्याच खोडी पहिल्यांदा दिसतात, कारण मागच्या टायरमधली हवा एकट्याच्या हिशेबाने भरलेली असते. ओझ्याचा दाब गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा चेनकव्हरवरच्या पट्टीवर दिलेला असतो. आधी तो भरून पुन्हा चालवून पाहावे.

वरचे बहुतेक दोष घेऊन जपून, सावकाश पुढचे गाव गाठता येते. एका दोषात ती सवलत नाही. रेस वाढवताच इंजिनाच्या पोटातून जड ठकठक आणि तिच्याबरोबर फूटरेस्टला धक्के येऊ लागले, तर कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग गेलेले असण्याची शक्यता मोठी. ऑइलची पातळी पाहावी, पण ती बरोबर निघाली म्हणून गाडी पुन्हा सुरू करू नये, टेम्पो बोलवावा.