जमिनीत पुरलेली तार

लहानपणी बांधलेल्या क्रिस्टल सेटची अर्थची तार मी मोरीतल्या नळाला गुंडाळली होती. ती सुटली की हेडफोनातलं मुंबई केंद्र मिटून जायचं. नळावरचा गंज पॉलिशपेपरने घासला की पुन्हा बोलायला लागायचं.

या तारेचं मोल मार्कोनीने १८९५ साली इटलीत, पोंतेक्कियोच्या घरी ओळखलं. प्रक्षेपकाचं एक टोक त्याने उंच नेलं, दुसरं जमिनीत पुरलं. काही शे मीटरांवर अडणारा संदेश टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटर गेला.

ही तार आजही महत्त्वाची आहे. अमेरिकेत हौशी माणूस विनापरवाना मध्यम लहरींवर बोलू शकतो. मर्यादा मात्र कडक: प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्याला १०० मिलिवॉट आणि एरियल, जोडतार व अर्थची तार मिळून ३ मीटर. १००० किलोहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब! इतक्या आखूड एरियलची बहुतेक शक्ती त्याला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीत आणि मातीतच जिरते. म्हणून चांगली अर्थ असेल तर पल्ला वाढतो. अर्थची तार मोजण्यात धरतात, हे मला रास्तच वाटतं; छतावरून खाली सोडलेली लांब तार स्वतःच एरियल होते.

माझ्या क्रिस्टल सेटच्या अर्थसाठी पुढे आम्ही अंगणात तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि खडेमीठ. उन्हाळ्यात आई तिथे रोज बादलीभर पाणी ओतायची.