नजर, पोशाख आणि आहेराची वही

रोह्याला लागूनच, कुंडलिकेच्या दुसऱ्या काठी अष्टमी हे गाव आहे. आम्हा पेणकरांच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातलं. १६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून चौल, अष्टमी, निजामपूर असा मजल दरमजल करत पाचाडला पोचला. राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती अशी दोन कामं त्याच्याकडे होती. महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडी गेलेले, त्यामुळे त्याला पायथ्याशी थांबावं लागलं.

त्याच्या सामानात नजराणे होते. कंपनीच्या कागदांत त्यांची यादी आहे. कोणाला काय द्यायचं ते लिहिलंय आणि समोर किंमत मांडलीय. महाराजांसाठी शिरपेच, हिऱ्यांचं कडं, दोन मोती, बेरीज १,६५० रुपये. पुढे संभाजीराजे, मोरोपंत, निराजीपंत, प्रत्येकाच्या मानाप्रमाणे उतरता आकडा.

ही यादी वाचून पुष्कळ जण म्हणतात, सरळ लाच होती की! मला हे पटत नाही. लाच टेबलाखालून जाते. नजर भर दरबारात, सगळ्यांच्या देखत द्यायची असते. ६ जूनला राज्याभिषेकाच्या दरबारात इंग्रजांनी दुरूनच मुजरा केला. त्यांचा दुभाषी नारायण शेणवी याने द्यायची हिऱ्याची अंगठी हात उंच करून दाखवली. महाराजांचं लक्ष गेलं, त्यांनी मंडळींना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावलं, पोशाख दिले आणि निरोप दिला. झाली भेट! आपल्या भाषेत दिलेली वस्तूही भेट आणि गाठ पडणं हीसुद्धा भेटच. इंग्रजीत त्यासाठी दोन निराळे शब्द लागतात.

‘नजर’ शब्दाचीही गंमत आहे. अरबीत ‘नज़्र’ म्हणजे नवस, वाहिलेली वस्तू. ‘नज़र’ म्हणजे दृष्टी. दोन्हींची अक्षरं वेगळी, मराठीत येताना दोघी एक झाल्या. नारायण शेणव्याच्या त्या उंच हातात मला दोन्ही अर्थ दिसतात.

नजर खालून वर जाते, पोशाख वरून खाली येतो. पोशाख अंगावर घेतला की तुम्ही त्या दरबाराचे झालात, निदान दरबार तरी तसं समजतो. इंग्रजाच्या लेखी तो कराराचा खर्च आणि वर मिळालेलं कापड. अर्थात आपलीही बाजू अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. कारभाऱ्यांना दिलेल्या शाली काम लवकर व्हावं म्हणूनच होत्या, आणि हे देणाऱ्याला ठाऊक होतं तसं घेणाऱ्यालाही.

असा घोटाळा दुसरीकडेही झाला. १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी चीनच्या चिएनलुंग बादशहाकडे यंत्रं, घड्याळं, दुर्बिणी घेऊन गेला. चिनी दरबाराने ती मांडलिकाने आणलेली खंडणी मानली, आणि तुमच्या मालाची आम्हाला गरज नाही, असं उत्तर इंग्लंडच्या राजाला धाडलं. इंग्रजाला वाटत होतं, आपण आपल्या कारखान्यांचा नमुना दाखवतोय.

बंगालमध्ये मात्र कंपनीच्या नोकरांनी नजराण्यांच्या नावाखाली इतकं ओरबाडलं की १७७३ च्या कायद्याने त्यांना भेटी घ्यायलाच बंदी करावी लागली. तिथे त्या शब्दाला लाचेचा वास लागला आणि तोच वास घेऊन आपण मागचा रायगड हुंगतो. आजही परदेशातून मंत्र्यांना मिळालेल्या भेटी दिल्लीत ज्या जागी जमा होतात तिचं नाव तोशाखाना आहे.

आणि किंमत आपणही लिहितोच. लग्नात मांडवाच्या दाराशी वही घेऊन बसलेला मामा कोणी पाहिला नाही? आम्हा कोकणी मुसलमानांच्या लग्नातही तो असतो. कोणी एकशे एक दिले, कोणी पातेलं, सगळं नावानिशी. पण कंपनीच्या यादीखाली बेरीज येते आणि पान संपतं. आपल्या वहीत बेरजेला फारसा अर्थ नसतो. त्या घरी पुढे लग्न निघालं की ती वही पुन्हा उघडायची आणि एक रुपया वाढवून द्यायचा. ईदला शेजारी गेलेलं शीरखुर्म्याचं भांडंही रिकामं परत येत नाही. माझी आजी म्हणायची, त्यात चिमूटभर साखर तरी येतेच.

ऑक्झिंडनच्या मुक्कामातली आणखी एक हकिकत डॉक्टर फ्रायरने लिहून ठेवलीय. इंग्रजांना रोज बकऱ्याचं मांस लागे. ते पुरवणारा म्हातारा खाटीक एके दिवशी धापा टाकत गड चढून वर आला. कित्येक वर्षांत खपलं नव्हतं इतकं मांस महिनाभरात घेणारी ही माणसं दिसतात तरी कशी, एवढंच त्याला पाहायचं होतं.