पांढरा कुडा, काळा कुडा

कुड्याचे पान खुडले की चीक येतो. पांढऱ्या कुड्यालाही येतो, काळ्यालाही. फुले दोघांचीही पांढरी, शेंगा दोघांच्याही जोडीने लोंबणाऱ्या. सह्याद्रीतला जाणता गुराखी मात्र फसत नसे. बी जिभेवर ठेवली की निकाल: कडूजहर लागली तर पांढरा कुडा.

हा निकाल महत्त्वाचा, कारण हगवणीवर चालतो तो पांढराच. कोकणात त्याच्या मुळाला कुडेपाळ म्हणतात. पोट बिघडलेल्या पोराला ते ताकात उगाळून देत. गोठ्यात वासरू ढाळू लागले तर सालीचा काढा करून बांबूच्या नळकांड्यातून त्याच्या घशात ओतत. माणसाचे औषध वेगळे आणि जनावराचे वेगळे, असा भेद इथे नव्हताच. वैद्यांचे कुटजारिष्ट होते याच सालीचे.

गोव्यातले पोर्तुगीजही जुलाबाने हैराण असत. तिथे वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ऑर्ताने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात हगवणीवरच्या या झाडाला स्वतंत्र संवाद दिला. त्याला पोर्तुगीज ‘मलबारची वनस्पती’ म्हणत, कारण ती वापरण्यात मलबारी वैद्य तरबेज. युरोपातून शिकून आलेल्या डॉक्टरने ही उसनवारी कबूल करावी, हे त्या काळी थोडेथोडके नव्हे.

अठराव्या शतकात पांढऱ्या कुड्याची साल ‘कोनेसी’ नावाने युरोपात पोचली, गाजली आणि मग बदनामही झाली. झाले असे, की पांढऱ्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल विकली जाऊ लागली. तिच्याने हगवण थांबेना. बोल लागला तो खऱ्या सालीला! साता समुद्रांपार गेलेल्या सुक्या सालीची ओळख कोण पटवणार? तिच्यासोबत ना शेंग गेली होती, ना बी चाखून पाहणारी जीभ.

1858 मध्ये मुंबईच्या हेन्स नावाच्या संशोधकाने सालीतले अल्कलॉइड वेगळे काढले. त्याला नाव मिळाले कोनेसीन, म्हणजे त्या बदनाम सालीचेच. विसाव्या शतकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत संशोधक चोप्रांनी आमांशावर कुड्याचे प्रयोग केले. पुढे नव्या गोळ्यांनी त्याला दवाखान्यातून मागे सारले.

काष्ठौषधीच्या दुकानात मात्र इंद्रजव, म्हणजे कुड्याच्या बिया, मागितले की दुकानदार आजही आधी विचारतो, “कडवे की गोडे?”